चिंचेखालून बघायची रीत

वडगावात आण्णाप्पा विणकराच्या तोंडी लागायला कुणी धजत नसे. माणूस मनानं वाईट नव्हता, पण जीभ अशी फटकळ की काही विचारू नका. पंगतीत बसला तर आमटीत मीठ कमी, देवळात गेला तर घंटेचा आवाज बसका, आणि शेजारच्या नागोजीनं हौसेनं नवं घोंगडं आणलं तर, "ह्ये घोंगडं हाय का चाळण रं?" जन्मात कधी कुणाच्या कामाला 'बरं झालंय' म्हणाला असेल तर शपथ. असल्या या माणसानं उतारवयात एक गोष्ट धरली होती. मुलींच्या मराठी शाळेवरनं जाताना तो वहाणा काढायचा, आवारातल्या चिंचेला हात जोडायचा आणि मगच पुढं जायचा. देवाला नाही, चिंचेला! नव्या पोरासोरांना वाटायचं, झाडावर काहीतरी बाहेरचं असणार. जुनी माणसं मात्र म्हणायची, "बाहेरचं कसलं आलंय? तितं शालूबाई पोरींस्नी घेऊन बसायच्या."

या शालूबाई मूळच्या निपाणीच्या. वडील तंबाखूच्या वखारीत काट्यावर वजनं करायचे. पोरीचं लग्न लवकर झालं, नवरा पटकीच्या साथीत गेला आणि सासरच्यांनी तिला ट्रंकेसकट माघारी धाडलं. रडत बसली असती तर जन्म चुलीपुढंच गेला असता, पण भाऊ शहाणा निघाला. त्यानं लोकांची बोलणी खाल्ली आणि बहिणीला धारवाडला ट्रेनिंगला घातलं. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली त्या वडगावच्या शाळेत एकट्या शिक्षिका म्हणून आल्या, तेव्हा अंगानं इतक्या बारक्या होत्या की गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "छत्रीच मोठी हाय गं, बाई आत कुठं हाय?"

पण शाळेत पाऊल टाकलं की या बारक्या बाईचा दरारा काय वर्णावा! पाढ्यांत त्या कुणाला सोडत नसत. अकरकी, पावकी, निमकी, सगळं तोंडपाठ झालंच पाहिजे. शनिवारी मात्र शेवटचा तास चित्रांचा असायचा आणि तिथं बाईंची तऱ्हाच निराळी होती. कागद कुठला मिळणार? विणकरांच्या घरी सुताचे गड्डे यायचे, त्यांच्यावरचे तांबूस वेष्टणाचे कागद पोरी जपून ठेवायच्या. कोळसा, गेरू आणि हळद हे रंग. घरनं चित्र काढून आणायचं, शाळेच्या मातीच्या भिंतीला बाभळीच्या काट्यांनी टोचायचं आणि सगळ्यांनी लांब चिंचेखाली जाऊन बसायचं. मग एकेकीनं उभं राहून आपल्याच चित्राबद्दल बोलायचं. मनात होतं तसं काय आलं, काय आलं नाही, आणि पुढच्या खेपेला काय साधायचं. दुसऱ्या कुणी मत द्यायचं नाही. बाईंनीसुद्धा नाही.

"मग बाई पगार कशाचा घेत्यात?" गल्लीतले लोक खो खो हसायचे. "पोरीच परीक्षा देत्यात आणि पोरीच घेत्यात म्हणं!"

या रीतीमागं एक जुनं दुखणं होतं. शालूबाई लहान असताना त्यांनी एकदा पोपट काढला होता. चार दिवस जीव ओतून काढला होता. मास्तरांनी त्यावर तांबडी फुली ओढली आणि कागद बाजूला टाकला. "फुली दिसली," त्या एकदा पोरींच्या आयांना म्हणाल्या होत्या, "पण चुकलं काय, ते मला आजतागायत कुणी सांगितलं नाही. पोपटाची चोच चुकली की शेपूट? ज्याचं चुकलं त्यालाच कळलं नाही तर त्या फुलीचा उपयोग काय?" म्हणून त्यांच्या शाळेत चित्रावर फुली नव्हती आणि मार्कही नव्हते.

आण्णाप्पाला हे थेर बिलकूल पटत नव्हते. त्याची धाकटी लेक अंजनी याच शाळेत तिसरीत होती. थोरल्या लेकीचं लग्न होऊन ती काकतीला गेलेली. घरात एक माग, त्यावर आण्णाप्पा, आणि धोट्यात घालायच्या कांड्या भरायला बायको बाळाबाई. त्या वर्षी बाळाबाईच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला. धागा तुटला की तिला टोक सापडेना. वैद्याचा काढा झाला, डोळ्यांत मध घालून झाला, गुण काही येईना. मग शाळेतनं आली की अंजनीच बापाच्या पाठीमागं रहाट घेऊन बसायची आणि कांड्या भरायची. बसल्या बसल्या पाढे म्हणायची, नाहीतर सोमवारी बाईंचा मार ठरलेला. पण दुपारपुरत्या कांड्या कशा पुरणार? सकाळी माग रिकामा, आण्णाप्पा रिकामा, आणि रिकामा आण्णाप्पा म्हणजे घरादाराला ताप.

"सोमवारपासनं शाळा बंद," त्यानं एके रात्री जेवताना सांगून टाकलं. "चितारीण करायची हाय का तिला? बाई मार्कबी देत न्हाय, शिकिवती तरी काय?"

बाळाबाई ताटात भात चाचपत राहिली. तिचे डोळे गेले म्हणून पोरीची शाळा जाणार, हे तिला आतनं खात होतं. अंजनी भाताच्या शितांशी खेळत बसली. ती रडली नाही, हट्ट केला नाही. एवढंच विचारलं, "आप्पा, शनवारचा चित्राचा तास तेवढा करू का? चित्र झालंय माझं."

"कर," आण्णाप्पा म्हणाला. "मीच येतो, बाईंच्या तोंडावर सांगून येतो."

त्या शनिवारी सकाळीच त्याचं लुगडं मागावरनं उतरलं होतं. हिरवंगार अंग, तांबडा काठ, नऊवार. घडी घालून, धडप्यात बांधून तो शहापूरच्या अप्पासाहेब व्यापाऱ्याकडं निघाला आणि वाटेत शाळेत शिरला. मनात बोलणं तयारच होतं. पण आवारात पाऊल टाकतो तो काय, सगळ्या पोरी चिंचेखाली चिडीचूप बसलेल्या, आणि बाई त्यांच्या मागं जमिनीवर, मांडी घालून, पोरींसारख्याच.

"बाई, जरा—"

शालूबाईंनी नुसतं बोट ओठावर ठेवलं आणि बाजूची जागा दाखवली. आण्णाप्पाला आजवर कुणी असं गप्प केलं नव्हतं. पण का कोण जाणे, तो बसला. मांडीवर बोचकं, कपाळाला आठ्या.

कोष्ट्याची इंदू उभी होती. भिंतीवर तिची बैलगाडी होती. इंदूनं नाक ओढलं आणि म्हणाली, "चाक मनासारखं आलंय. आरे मोजून काढल्यात. बैल मातूर कुत्र्यागत झालाय."

आण्णाप्पाला हसू फुटणार होतं, पण चिंचेखाली कुणी हसलं नाही. इंदूच पुढं म्हणाली, "मी बैल न बघताच काढला. पुढच्या खेपेला नागोजीकाकाच्या गोठ्यात बसून काढीन. आधी खांदं, मग शिंगं." आणि बसली. बाई मान हलवून म्हणाल्या, "बरं." तेवढंच.

आण्णाप्पा जरा चक्रावला. एवढीशी शेंबडी पोर, आपण होऊन सांगती की माझा बैल कुत्र्यासारखा झालाय? आणि कुणी मारत नाही, ओरडत नाही? त्याला स्वतःचं लहानपण आठवलं. सूत तुटलं की बापाची टिचकी कानावर बसायची. पुढं मोठं झाल्यावर अप्पासाहेब चिमटीत कापड धरून नाक मुरडायचे. चूक म्हणजे दुसऱ्यानं दाखवायची आणि आपण झाकायची, एवढंच त्याला ठाऊक होतं. आपली चूक आपणच लांबनं बघायची आणि ताठ उभं राहून सांगायची, ही गोष्ट त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

मग अंजनी उठली. तिचा कागद भलताच लांब होता. दोन पोरींनी धरून तो भिंतीला टोचला आणि आण्णाप्पाची कानशिलं तापली. तो स्वतःच भिंतीवर होता!

मागावर बसलेला, पाठमोरा. बंडीच्या चुण्या, पाठीवर ओला झालेला घामाचा ठिपका, धोटा फेकणारा उजवा हात, सगळं अगदी तस्सं. पण वर मान संपली आणि डोकंच नव्हतं. डोकं होतं ते बाजूला, कोपराच्या वर, लोंबकळत. त्यावर मुंडासं होतं, मिशी होती, आणि मिशीच्या वर काही म्हणजे काहीच नव्हतं. नाक नाही, डोळे नाहीत.

एक पोर फिस्सकन हसली आणि तिनंच तोंडावर हात दाबला. आण्णाप्पा उठणारच होता. बापाची अशी फजिती मांडती भिंतीवर! पण अंजनीकडं त्याचं लक्ष गेलं. ती चित्राकडं बघत होती. तिनं ते सबंध आत्ताच पहिल्यांदा पाहिलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आधी ती भ्याली, मग कपाळ आकसून विचारात पडली, आणि मग बोलली.

"पाठ मनासारखी आली. हातबी आला. डोस्कं मानंवर बसलं न्हाय." ती थांबली. "मी कागद गुंडाळत गुंडाळत काढला. जेवढं काढून झालं तेवढं गुंडाळलं. म्हनून मान कुठं हाय त्ये वर काढताना दिसलंच न्हाय."

"गुंडाळून का काढलं?" बाईंनी पहिल्यांदाच विचारलं.

"आमच्यात तसंच करत्यात," अंजनी साधेपणानं म्हणाली. "आप्पा विणतो तवा पोटाम्होरं एवढंच दिसतंय. झालं की दांड्यावर गुंडाळायचं. मला वाटलं, काम असंच करायचं असतंय."

आण्णाप्पा उठता उठता तसाच राहिला. खरंच की! विणकराच्या पोरीशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाच्या पोरीनं केली नसती.

"आणि तोंड?" बाई म्हणाल्या.

अंजनीनं आता मागं वळून बापाकडं बघितलं. तो इथं बसलाय हे तिला ठाऊक होतं, पण ती अडखळली नाही. "आप्पाचं तोंड मला नीट ठावं न्हाय. मी पाठीमागं बसून कांड्या भरते, मला पाठच दिसती. तोंड इकडं केलं की आप्पा ओरडतोय, तवा मी खाली बघते. मिशी तेवढी ध्यानात हाय." मग चित्राकडं तोंड करून, रीतीप्रमाणं, शेवटचं सांगितलं. "पुढच्या खेपेला कागद सगळा पसरून काढायचा. आणि आप्पाला म्होरनं बघायचं."

आण्णाप्पा पुन्हा खाली बसला. सोमवारपासून जिची शाळा बंद, ती पोर पुढच्या खेपेला काय करायचं ते ठरवून मोकळी झाली होती! आणि काय ठरवलं होतं? बापाचं तोंड बघायचं. ही अक्कल हिला कुणी दिली? आपण तर नक्कीच दिली नाही. त्यानं शालूबाईंकडं बघितलं. ती बारकी बाई शांतपणे पदरानं घाम पुसत होती, जसं काही झालंच नव्हतं. आण्णाप्पाला तिच्याकडं बघायचीसुद्धा भीती वाटली. एवढी मोठी गोष्ट ही बाई दर शनिवारी, इतकी वर्षं, या झाडाखाली करते आणि आपण गल्लीत बसून हसतो!

"तुम्ही काही सांगायला आला होता," शालूबाई म्हणाल्या.

आण्णाप्पानं घसा खाकरला. तोंडातून निघालं ते भलतंच. "बाई, माझंबी एकडाव बघू का? ह्ये लुगडं. तीस वर्सं विणतोय, पर सबंध पसरून लांबनं कधी बघितलं न्हाय. घरात जागा कुठं हाय? उतरलं की घडी, घडी झाली की शहापूर."

"बघा की."

"काटं टोचू द्यायचो न्हाय हां!"

"काटे कशाला?" बाई हसल्या. "पोरींनो, उठा."

पोरी धावल्याच. शाळेच्या भिंतीशी ओळीनं उभ्या राहिल्या आणि ते नऊवार लुगडं हनुवटीखाली धरलं, एका टोकाला इंदू, दुसऱ्या टोकाला, पदराकडं, अंजनी. हिरव्या कापडावर नुसती डोकी. सगळ्यांचे डोळे आण्णाप्पावर. तो चिंचेखाली गेला, वळला आणि बघतच राहिला.

उन्हात लुगडं बोलत होतं. हातात धरल्यावर एकसारखं वाटणारं ते कापड लांबून पट्ट्यापट्ट्यांचं दिसत होतं. कुठं गडद, कुठं फिकं, मग परत गडद. ते पट्टे दुसऱ्या कुणाला कळले नसते. आण्णाप्पाला एकेक कळला. फणीचा ठोका जोरात बसला की विण घट्ट होते, रंग दाटतो. हितं नागोजीशी भांडण झालं होतं. हितं बाळाबाईनं धागा तोडला म्हणून तो ओरडला होता. त्याचा सगळा राग त्या लुगड्यात उतरला होता, आणि आजवर तो कुणातरी बाईच्या अंगावर जात होता.

"काठ बरा आलाय," तो म्हणाला. आवाज चमत्कारिक निघाला. पोरी वाट बघत होत्या. "अंगात पट्टं पडल्यात. रागाचा हात हाय माझा."

कुणी हसलं नाही.

"आणि मनासारखं?" शालूबाईंनी विचारलं. "तेही सांगायचं असतं."

आण्णाप्पाची नजर पदराकडं सरकली. तिथं, अंजनीच्या हातांजवळ, चांगला लांबलचक भाग एकसारखा होता. एक पट्टा नाही, एक ठोका कमीजास्त नाही. असं विणलेलं त्याच्या बापाचंसुद्धा त्याला आठवत नव्हतं. हे कधी झालं? हे तर शेवटशेवटचं, बाळाबाईनं रहाट सोडल्यानंतरचं. त्या दिवसांत तर तो जास्तच चिडलेला होता. मग हात इतका संथ कसा पडला?

आणि त्याला ऐकू आलं. पाठीमागं रहाटाची घरघर आणि तिच्यावरनं पोरीचा बारीक आवाज, बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. त्या तालावर त्याचा धोटा गेला होता, त्या तालावर फणी बसली होती. त्यानं तोंड कधी फिरवलं नव्हतं, पण हातानं सगळं ऐकलं होतं.

त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तीस वर्षं भांडणारा आण्णाप्पा, पोरींच्या देखत!

"त्यो पदराकडचा भाग," तो म्हणाला. "त्यो मनासारखा आलाय. अंजे, तू मागं बसून पाढं म्हणत हुतीस, तवाचा हाय त्यो."

अंजनीनं मान खाली घालून हनुवटीखालच्या कापडाकडं बघितलं. तिला तिथून काय दिसणार? ती आपली लाजली.

"पुढच्या खेपेला काय?" इंदूनं दुसऱ्या टोकाकडनं विचारलं. रीत म्हणजे रीत, मोठ्या माणसाला काय सूट आहे?

आण्णाप्पानं मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले. "पुढचं लुगडं सबंध असं काढायचं," तो म्हणाला. मग शालूबाईंकडं वळला आणि रागावल्यासारखा म्हणाला, कारण दुसरं बोलणं त्याला येतच नव्हतं, "बाई, हिला अठराचा पाढा अजून धड येत न्हाय. अठरा सक्कं म्हटलं की अडकती. सोमवारी ती येईल तवा तेवढं पक्कं करून घ्या. माझं लुगडं अडतंय."

"घेते," शालूबाई म्हणाल्या.

शहापुरात त्या दिवशी अप्पासाहेबांनी चिमटीत कापड धरायच्या आधीच आण्णाप्पानं आपण होऊन पट्टे दाखवले. अप्पासाहेब तोंड उघडं टाकून बघत राहिले. घरी आल्यावर त्यानं रहाट उचलून आणला आणि मागाच्या पुढं, खिडकीपाशी, आपल्या तोंडासमोर मांडला. सकाळच्या कांड्यांचं काय करायचं ते बाळाबाईनं सुचवलं. डोळ्यांनी न दिसलं तरी बोटांना सूत कळत होतं, फक्त तुटलेलं टोक शोधून द्यायला कुणीतरी हवं होतं. तेवढ्यासाठी माग थांबवायला आण्णाप्पा आता तयार झाला. कुरकुर केली, पण थांबवू लागला.

शालूबाई पुढंही वर्षानुवर्षं त्याच शाळेत राहिल्या. स्वातंत्र्य आलं त्या वर्षी त्यांची बदली झाली आणि त्या जशा आल्या तशाच, ट्रंक आणि छत्री घेऊन गेल्या. कुठं सत्कार नाही, हार नाही. वडगावातल्या कितीतरी घरांत मात्र तोवर एक नवीच रीत पडली होती. लुगडं मागावरनं उतरलं की गल्लीतली पोरं ओळीनं उभी राहायची, हनुवटीखाली काठ धरायची आणि विणकर लांब जाऊन बघायचा.

पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी दुपारी अंजनीनं नवा कागद जमिनीवर सबंध पसरला, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले, आणि बापाला समोर बसवलं.

"आप्पा, वर बघा. हलू नगा."

"राग आलेला काढणार का काय?"

"जसं दिसंल तसं," अंजनी म्हणाली, आणि मान वर करून, डोळ्याला डोळा भिडवून, त्याच्याकडं बघायला लागली.

माग तसाच रिकामा होता. आण्णाप्पा हलला नाही.